कवचबीजाच्या बाटलीवर लेवोडोपाचा आकडा छापा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. सचिव, आयुष मंत्रालय, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

माझी मागणी एका वाक्यात मावते. कवचबीजापासून, म्हणजे खाजकुयलीच्या बियांपासून केलेल्या प्रत्येक कॅप्सूल, चूर्ण आणि पाकाच्या वेष्टनावर त्यात लेवोडोपा, म्हणजे कंपवातावरचे (पार्किन्सन्सवरचे) मुख्य औषध, किती मिलिग्रॅम आहे हे छापणे आपण सक्तीचे करावे. ते उत्पादन अन्न म्हणून विकले जात असो की आयुर्वेदिक औषध म्हणून, नियम एकच असावा.

मी पार्किन्सन्सची शुभंकर आहे, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारी, आणि माझे वडील शुभार्थी, म्हणजे रुग्ण. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलू लागली. चालताना तो हात अंगाला चिकटून राहू लागला. अक्षर इतके बारीक झाले की पासबुकाशी सही जुळेना आणि बँकेने पैसे द्यायला नकार दिला. निदान झाल्यापासून ते लेवोडोपा आणि कार्बिडोपाच्या गोळीवर आहेत, आणि आमच्या घरातला दिवस त्या गोळीच्या वेळांवर चालतो.

ही गोळी कशी चालते हे आपल्याला ठाऊकच आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामिन बाहेरून देऊन उपयोग होत नाही, कारण रक्तातून मेंदूत शिरायची वाट त्याला बंद असते. लेवोडोपाला ती खुली असते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. अडचण अशी की नुसता लेवोडोपा पोटात गेला तर त्यातला बहुतेक भाग मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच, आतड्यात आणि शरीरात इतरत्र, डोपामिनमध्ये बदलून जातो. त्यातून मळमळ, उलट्या, रक्तदाब उतरणे हे त्रास होतात. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात; तो हा वाटेतला बदल थोपवून धरतो. ११० च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेवोडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा, १२५ मध्ये १०० आणि २५, २७५ मध्ये २५० आणि २५. शुभंकरांना हे आकडे पाठ असतात. अर्ध्या गोळीच्या फरकाने बाबांचा हात घास तोंडापर्यंत नेतो किंवा नेत नाही, हे आम्ही रोज बघतो. लेवोडोपा कमी पडला की माणूस 'ऑफ' होतो, जागच्या जागी थिजतो. जास्त झाला की मान, खांदे, पाय आपल्याआपण वळवळू लागतात, भास होतात, उठून उभे राहताना रक्तदाब पडून माणूस कोसळतो. डॉक्टर या दोन टोकांच्या मधली अरुंद पट्टी शोधत असतात, आणि ती पट्टी आजार वाढेल तशी आणखी अरुंद होत जाते.

खाजकुयली आपल्याकडे कुणालाच नवी नाही. पावसाळा सरला की शेताच्या कुंपणावर तिच्या मखमली शेंगा लोंबतात आणि त्यांना हात लागला की अंगाची लाही लाही होते. आयुर्वेदात हीच कपिकच्छू, हीच आत्मगुप्ता. तिच्या बियांत लेवोडोपा असतो हे १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी तो वेगळा काढून दाखवले. पार्किन्सन्सच्या रुग्णांना डोपाचे (लेवोडोपा हा त्याचाच एक प्रकार) मोठे डोस हळूहळू वाढवत दिले तर गुण येतो हे अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी दाखवायला पुढे १९६७ साल उजाडले. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचबीजाचे चूर्ण देऊन केलेल्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये ६० रुग्णांवरचा १२ आठवड्यांचा अभ्यास आला. त्यात गुण दिसला, मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००४ मध्ये लंडनमध्ये ८ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. काय दिले आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. ३० ग्रॅम कवचबीजाच्या पुडीने सुमारे ३५ मिनिटांत गुण आला, नेहमीच्या गोळीला जवळपास त्याच्या दुप्पट वेळ लागला, आणि पुडीचा असर अर्ध्या तासाहून अधिक काळ जास्त टिकला. बोलिव्हियात २०१७ मध्ये १८ रुग्णांवर असाच एका-एका डोसाचा अभ्यास झाला, तोही उत्साह वाढवणारा होता. त्याच संशोधकांनी मग १४ रुग्णांना कवचबीज रोज, आठवडेच्या आठवडे देऊन पाहिले. त्यातल्या निम्म्यांनी ते मध्येच सोडले: काहींच्या पोटाला ते सोसेना, काहींच्या हालचाली बिघडत गेल्या.

इतके सगळे लिहिले ते एवढ्यासाठी की मी या बीला कमी लेखते आहे असे कुणी समजू नये. कवचबीज थोतांड असते तर मला हे पत्र लिहायची गरजच पडली नसती. त्यात खरे औषध आहे. आणि बाजारात ते औषधासारखे विकले जात नाही.

आमच्या घरी आलेली बाटली माझ्यासमोर आहे. पुढच्या बाजूला हिरवे पान, 'शंभर टक्के नैसर्गिक', स्नायूंना बळ, मनाला उत्साह. मागच्या बाजूला १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, आणि भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या इंग्रजी अक्षरांत, हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही, अशी सूचना. घटकांच्या रकान्यात फक्त 'कपिकच्छू बीज अर्क, ५०० मिलिग्रॅम'. रोज दोन कॅप्सूल घ्याव्यात.

आता हिशेब करा. साध्या बियांच्या चुर्णात लेवोडोपा साधारण ४ ते ६ टक्के असतो. हा अर्क तेवढ्याच ताकदीचा असेल तर ५०० मिलिग्रॅममध्ये २५ मिलिग्रॅमच्या आसपास लेवोडोपा येईल. पण अर्क १५, २०, ४० टक्क्यांचेही मिळतात. १५ टक्क्यांचा असेल तर ७५, २० चा असेल तर १०० आणि ४० चा असेल तर २००. म्हणजे त्याच एका ओळीखाली चिमूटभर लेवोडोपाही असू शकतो किंवा ११० च्या दोन गोळ्यांइतका. घाऊक बाजारात हा अर्क लेवोडोपाच्या टक्क्यांवर विकला जातो, त्याच्या प्रमाणपत्रावर तो टक्का लिहिलेला असतो. बनवणाऱ्याला आकडा माहीत असतो, विकत घेणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला माहीत असतो. फक्त जो गिळतो त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना माहीत नसतो. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत कवचबीजाची १६ उत्पादने प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा एका वेळच्या मात्रेत २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत लेवोडोपा सापडला. तिथल्या फडताळावरचे चित्र हे असेल, तर आपल्याकडचे काय असेल याचा शोध घ्यायचे काम आपले आहे.

आणखी एक गोष्ट या हिशेबात धरावी लागते. जो माणूस आधीच गोळी घेतो आहे त्याच्या शरीरात कार्बिडोपा हजर असतो. तो बाटलीतल्या लेवोडोपालाही वाट मोकळी करून देतो. निरोगी माणसाला ज्या कॅप्सूलने थोडी मळमळ होऊन भागेल, तीच कॅप्सूल पार्किन्सन्सच्या माणसाला एका वाढीव डोसासारखी लागू पडते.

बाबांच्या बाबतीत नेमके हेच झाले. माझ्या मावसभावाने ती बाटली फार मायेने आणून दिली होती. पहिले काही दिवस बाबा खरोखरच मोकळे वाटत होते. जिना एकट्याने उतरले, सकाळी पेपर स्वतः उलगडला. मग संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान आणि डावा खांदा वळायला लागला. थांबवू म्हटले तरी थांबेना. चहाची कपबशी हातात देता येईना. डॉक्टरांनी पाहिले, लेवोडोपा जास्त होतोय हे अचूक ओळखले आणि गोळ्या कमी केल्या. त्यांच्यासमोर जी माहिती होती तिच्यावरून कुणीही तेच केले असते. पुढे बाटली संपली. कमी केलेल्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर थिजले. पाय उचलेना, हाक मारायला आवाज फुटेना. आई आत गेली तेव्हा ते चौकटीला धरून तसेच उभे होते.

दवाखान्यात एका परिचारिकेने विचारले म्हणून बाटलीची गोष्ट निघाली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, यात लेवोडोपा किती आहे? मी तिथेच बाटलीवरच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय सौजन्याने बोलली. म्हणाली, "ताई, हे नॅचरल आहे, याचे साइड इफेक्ट नसतात." मी मिलिग्रॅम विचारत होते. तिने पुन्हा तेच सांगितले. तिच्याकडच्या कागदावर तो आकडा नव्हताच, आणि नसणे बेकायदा आहे असे कुणाला वाटतही नव्हते.

आमच्या शुभंकर-शुभार्थींच्या गटातल्या एका काकांचे याहून वाईट झाले. कवचबीजाच्या चुर्णाने त्यांना उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड दिले. ते औषध मेंदूत डोपामिनचेच काम अडवते, म्हणून पार्किन्सन्सच्या रुग्णाला ते टाळायचे असते. काका दोन दिवस लाकडासारखे पडून होते. चुर्णाचे त्यांनी सांगितले नव्हते, कारण चूर्ण हे औषध आहे असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आणि समजा असा एखादा माणूस पाय मोडून दवाखान्यात भरती झाला, महिनोन्‌महिने घेत असलेले चूर्ण एकदम बंद पडले, तर? लेवोडोपा अचानक तोडला की अंग आवळून येते, ताप चढतो, शुद्ध हरपते. जिवावर बेतू शकते. त्या वेळी वॉर्डातले डॉक्टर केसपेपर पाहणार, आणि केसपेपरवर चूर्ण नसणार.

लेवोडोपाची गोळी आपल्या कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. तोच लेवोडोपा बीच्या रूपात असला की प्रोटीनच्या डब्याशेजारी, दंतमंजनाच्या रांगेत, घरपोच मिळतो. मी बंदी मागत नाही, हे स्पष्ट लिहिते. ज्यांना गोळी सोसत नाही असेही लोक आहेत, ज्यांचा वैद्यांवर विश्वास आहे असेही आहेत, आणि जाणत्या वैद्याने न्यूरॉलॉजिस्टशी बोलून कवचबीज दिले तर त्याला विरोध करायचे मला कारण नाही. पण 'गोळी महाग म्हणून चूर्ण' हे कारण आपल्या देशात फारसे टिकत नाही. लेवोडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ती गोळी बऱ्याच घरांना परवडते. आमच्याकडे आलेल्या त्या एका बाटलीच्या पैशांत बाबांच्या महिन्याच्या गोळ्या येऊन वर काही उरले असते.

कवचबीजाच्या निमित्ताने त्या फडताळावरच्या बाकीच्या डब्यांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आमच्यासारख्या घरांत एक डबा कधीच एकटा येत नाही. निदान झाले की नातेवाईक, शेजारी, व्हॉट्सॲप, सगळे काही ना काही सुचवतात. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. डॉक्टर म्हणतात आजार थांबवणारे औषध अजून नाही, आणि ते वाक्य ऐकून रिकाम्या हाताने घरी यायला कुणाचे मन तयार होत नाही. तिथे हे डबे शिरतात.

कोएन्झाइम क्यू-१० घ्या. पेशींना ऊर्जा देते म्हणून त्यावर फार आशा होत्या. सुरुवातीच्या ८० रुग्णांच्या अभ्यासात आशादायक खूण दिसली, म्हणून अमेरिकेत ६०० रुग्णांवर १२०० आणि २४०० मिलिग्रॅमची चाचणी सुरू झाली. औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या तुलनेत काहीच फायदा दिसेना, तेव्हा २०११ मध्ये ती मुदतीआधी थांबवली. क्रिएटिनचे तेच: १७४१ रुग्ण, रोज १० ग्रॅम, वर्षानुवर्षे, आणि २०१३ मध्ये तीही चाचणी गुंडाळावी लागली. ई जीवनसत्त्वाचा निकाल तर १९९३ मध्येच लागला होता. ८०० रुग्णांच्या त्या चाचणीत रोज २००० युनिट देऊनही आजाराच्या चालीत फरक पडला नाही. शरीरातले युरिक ॲसिड वाढवून मेंदू वाचेल या आशेने इनोसिन दिले, २९८ रुग्णांना. निकाल २०२१ मध्ये आला. आजार तसाच राहिला, मूतखडे मात्र वाढले. या चाचण्यांत हजारो पार्किन्सन्सच्या माणसांनी आपली वर्षे दिली आहेत. त्यांनी दिलेले उत्तर नकारार्थी आहे, पण ते उत्तर आहे. ते बाजूला सारून त्याच गोष्टी 'मेंदूचे पोषण', 'न्यूरो केअर' अशा नावांनी आजही हजारांच्या घरात विकल्या जातात, आणि पेन्शनीतला मोठा वाटा तिकडे जातो. फिजिओथेरपिस्टचे पैसे परवडत नाहीत म्हणून व्यायाम बंद करून क्यू-१० चालू ठेवलेले घर मी पाहिले आहे. याचा मला संताप येतो.

सगळेच डबे निरुपयोगी आहेत असे मात्र नाही, आणि तसे सरसकट म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. बी-१२ चेच पाहा. लेवोडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचे एक अमिनो आम्ल वाढते, बी-१२ ची कमतरता असेल तर ते अधिकच. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता मुळातच खूप, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो, आणि सगळे पार्किन्सन्सच्या खात्यावर जमा होते. साधी रक्ततपासणी करून कमी निघाले तर ते भरून काढणे हे खरे काम. ड जीवनसत्त्वाचेही तसेच. ज्या माणसाला पडण्याचा धोका आहे त्याची हाडे ठिसूळ राहू देणे परवडणारे नाही. आणि बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल, भरपूर पाण्यासोबत. कितीतरी शुभार्थींना कंप सुरू होण्याच्या वर्षानुवर्षे आधीपासून बद्धकोष्ठता असते. पोट साफ नसेल तर गोळीही वेळेवर लागू पडत नाही. इसबगोलाच्या डब्यावर कुणी मेंदूचे चित्र छापत नाही, पण बाबांच्या सकाळी सुसह्य होण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

पण याच चांगल्या गोष्टी वेळ चुकली तर नडतात. लोहाची गोळी लेवोडोपाला पोटातच धरून ठेवते, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर लागते. प्रोटीनच्या पावडरीतली अमिनो आम्ले आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लेवोडोपाशी त्याच दारात झटापट करतात. दुधात प्रोटीन पावडर घालून त्याच्यासोबत गोळी घेणारे आजोबा तासभर वाट पाहतात आणि गोळी 'लागत नाही' म्हणतात. बी-६ चा किस्सा तर थेट कवचबीजाशी जोडलेला आहे. कार्बिडोपा सोबत नसेल तर बी-६ लेवोडोपाला मेंदूबाहेरच मोडायला मदत करते. म्हणजे जो माणूस गोळी सोडून नुसत्या चुर्णावर आला आणि वर ताकदीची बी-कॉम्प्लेक्स घेऊ लागला, त्याचे चूर्ण वाया जाते. आणि बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर नसांनाच इजा होते. यातले काहीच गुपित नाही. औषधशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि वेष्टनावर नाही.

आता आपण प्रत्यक्ष काय करावे, ते लिहिते.

लेवोडोपाचा आकडा प्रत्येक कॅप्सूलमागे किंवा प्रत्येक चमचामागे मिलिग्रॅममध्ये असावा, टक्क्यांत नव्हे, आणि तो त्या त्या बॅचच्या तपासणीवरून आलेला असावा. बी कुठल्या जमिनीतली, कधी काढली, कशी भाजली किंवा शिजवली यावर लेवोडोपा बदलतो, म्हणून एकदा तपासून कायमचा छापलेला आकडा उपयोगाचा नाही. ही तपासणी करणारी यंत्रे बहुतेक सगळ्या औषध प्रयोगशाळांत आहेत. लहान वैद्यशाळांना खर्च झेपत नसेल तर त्यांना सरकारी प्रयोगशाळेत सवलतीने तपासणी करून द्या. गावोगावचे चूर्ण बनवणारे बंद पडावेत अशी माझी इच्छा नाही.

त्याच्या शेजारी सूचना असावी, आणि ती जिथे माल विकला जातो तिथल्या भाषेतही असावी. मजकूर मी सुचवते: "यात लेवोडोपा आहे. कंपवात, मानसिक आजार किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका." शेवटचे वाक्य गाळू नका, ही विनंती. लोक घाबरून बाटली फेकून देतील आणि दुसऱ्या दिवशी थिजतील.

अन्न प्राधिकरण आणि आयुष मंत्रालय यांना एकत्र मुद्दाम लिहिते आहे. आज तीच बी एका कारखान्यातून अन्नाचा परवाना घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्यातून आयुर्वेदिक औषधाचा. एका बाजूने नियम कडक केला की माल दुसऱ्या दाराने येणार. दोघांनी मिळून एकच अधिसूचना काढली नाही तर उपयोग नाही. आणि त्रासाची नोंद कुठे करायची तेही ठरवून द्या. गोळीचा दुष्परिणाम कळवायला गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची यंत्रणा आहे, आयुष औषधांसाठी आयुषची स्वतंत्र आहे. 'अन्न' म्हणून घेतलेल्या कॅप्सूलने माझे वडील थिजले ते मी कुणाला कळवायचे होते? बाटलीवर तक्रारीसाठी होता तो कंपनीचाच क्रमांक, आणि तिथले उत्तर वर लिहिले आहे.

आयुक्त महोदय, महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती आपल्याच कार्यालयात आहेत. त्यामुळे केंद्राच्या अधिसूचनेची वाट न पाहता एक गोष्ट आपण उद्याही सुरू करू शकता: राज्यातल्या दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीतून कवचबीजाच्या उत्पादनांचे नमुने उचला, लेवोडोपासाठी तपासा आणि निकाल उत्पादनाच्या नावानिशी आपल्या संकेतस्थळावर मराठीत लावा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेतच. कंपवात बरा करतो म्हणून स्थानिक वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर चालणाऱ्या जाहिरातींना त्या कायद्याने हात घालता येतो. केमिस्टांना एक परिपत्रक काढा की लेवोडोपाची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला कवचबीज देताना एकदा विचारा. काउंटरवर उभा असलेला फार्मासिस्ट दोन्ही पाकिटे एकाच वेळी पाहतो. डॉक्टरांना आणि वैद्यांना ती संधी मिळत नाही.

न्यूरॉलॉजिस्टच्या संघटनांनाही या पत्राची प्रत पाठवते आहे. त्यांना एवढेच सांगायचे आहे की "आणखी काही औषधे चालू आहेत का?" या प्रश्नाला आमच्याकडे 'नाही' हेच उत्तर येणार, कारण चूर्ण, पाक, पावडर, काढा यांना आम्ही औषध म्हणत नाही. "कवचबीज, कौंचपाक, बी-कॉम्प्लेक्स, लोह, प्रोटीन यातले काय चालू आहे?" असे नाव घेऊन विचारा. आणि विचारताना रागावू नका. रागावलेल्या डॉक्टरांसमोर बाटली पिशवीतून बाहेर येत नाही.

या विषयाची फाइल आपल्या तिघांपैकी कोणाच्या कार्यालयात उघडली जाणार आहे, ते कृपया लेखी कळवावे. बाबांची ती बाटली, तिच्या बॅच क्रमांकासह आणि तळाशी उरलेल्या दोन कॅप्सूलांसह, मी जपून ठेवली आहे. तपासणीसाठी ज्या कार्यालयाने मागितली त्याच्याकडे ती स्वतः आणून देईन.

आपली विश्वासू,
एक शुभंकर
सातारा